भिंत कोणासाठी सरकते?

अंधार पडायला लागला की वॉर्सॉजवळचं एक घर मिटायला लागतं. दिवसभर कुंपणाकडे पसरलेल्या दोन भिंती मागे सरकत घराला येऊन चिकटतात. उंची जेमतेम सव्वादोन मीटर, पण लांबी एकीची 22 मीटर आणि दुसरीची 15. खिडक्यांवर जाड झडपा येऊन बसतात. पोहण्याच्या तलावाकडे जाणारा पूल किल्ल्याच्या पुलासारखा उचलला जातो. शेवटी दक्षिणेकडच्या काचेवर 14 मीटर रुंद आणि 6 मीटर उंच शटर उतरतं. शटर म्हणजे आपल्या वाण्याच्या दुकानाचं असतं तसंच, फक्त सिनेमाच्या पडद्याएवढं. हे सगळं विजेच्या मोटारींवर चालतं. काम आटोपलं की मागे एक राखाडी ठोकळा उरतो. आत माणसं जेवताहेत, झोपली आहेत की मुळात घरातच नाहीत, बाहेरून कळायला मार्ग नाही.

‘सेफ हाउस’ हे त्या घराचं नाव. त्याचे फोटो जगभर फिरले तेव्हा लोकांनी त्याला ‘झोंबीप्रूफ घर’ म्हणून टाकलं. वास्तुकार रॉबर्ट कोन्येच्नी. पोलिश भाषेत ‘कोन्येच्नी’ या शब्दाचा अर्थ ‘आवश्यक’ असा आहे, आणि हे घर बघताना पहिला प्रश्न तोच पडतो: एवढं सगळं आवश्यक होतं का?

आता दुसरं चित्र. चेक प्रजासत्ताकातलं ओस्ट्रावा हे जुनं कोळशाचं आणि पोलादाचं शहर. तिथला एकोणिसाव्या शतकातला पडका कत्तलखाना 2022 मध्ये कलादालन म्हणून उभा राहिला. याही इमारतीच्या भिंती हलतात. दालनाची भिंतच्या भिंत स्वतःभोवती फिरते आणि आतली खोली बाहेरच्या बागेला जोडली जाते. चित्र बघायला आलेला माणूस आणि कुत्र्याला फिरवायला निघालेला माणूस एकाच जमिनीवर येतात. वास्तुकार तोच, रॉबर्ट कोन्येच्नी.

मोटार तीच आणि डोकंही तेच. एका ठिकाणी भिंत सरकते ती जगाला बाहेर ठेवायला, दुसऱ्या ठिकाणी जगाला आत घ्यायला. फरक पडला तो मागणाऱ्यामुळे. वास्तुकलेवर लिहिताना आपण फार लवकर वास्तुकाराच्या प्रतिभेकडे वळतो, जणू इमारत त्याच्या मनातून अलगद जमिनीवर उतरली. पण कविता कोणी न मागताही लिहिता येते, इमारत येत नाही. कोणीतरी जागा द्यावी लागते, पैसा द्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय हवंय ते नीट सांगावं लागतं. शहराला चांगली वास्तू हवी असेल तर आधी शहराला नीट मागता आलं पाहिजे, एवढंच मला म्हणायचंय, आणि कोन्येच्नी यांची कारकीर्द हा त्याचा मला माहीत असलेला सर्वांत चोख पुरावा आहे.

त्यांचा जन्म 1969 चा, कातोवित्सेचा. दक्षिण पोलंडचा हा सिलेसिया प्रांत म्हणजे खाणी, भट्ट्या आणि काजळीनं काळ्या पडलेल्या विटांच्या चाळी. शिक्षण शेजारच्या ग्लिवित्सेच्या तंत्रविद्यापीठात. 1999 मध्ये मार्लेना वोल्निक यांच्यासोबत ‘केडब्ल्यूके प्रोमेस’ हे कार्यालय काढलं. म्हणजे 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा हा विशीतला विद्यार्थी, आणि धंद्याला लागला तेव्हा देश नव्या बाजाराला दहा वर्षं सरावलेला. या पिढीतल्या पोलिश वास्तुकारांची पंचाईत समजून घ्यायला हवी. त्यांच्या गुरूंच्या काळात एकच गिऱ्हाईक होतं, सरकार. वसाहती, इस्पितळं, स्थानकं, सगळ्याचा मालक तोच. हे गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं झालं. नगरपालिकांकडे पैसा नव्हता आणि जे काही सार्वजनिक ते जुन्या राजवटीचं, असा लोकांचा ग्रह झाला होता. उरला कोण? नव्यानं पैसा आलेला माणूस आणि त्याचा प्लॉट.

हा माणूस काय बांधत होता ते बघायला पोलंडच्या कुठल्याही शहराबाहेरच्या रस्त्यानं जावं. छापील वहीतून निवडलेले बंगले, पुढे जमीनदाराच्या वाड्याचे उसने खांब, वर चार बाजूंनी उतरणारं कौल. शहरात जुन्या सरकारी ब्लॉकना थंडीसाठी बाहेरून थर्माकोलची अस्तरं लावली आणि त्यावर पिस्ता, आंबा, गुलाबी असे आइसक्रीमचे रंग फासले. पोलिश लोकांनी या प्रकाराला नाव ठेवलं ‘पास्टेलोझा’. ‘-ओझा’ हा प्रत्यय त्यांच्याकडे आजारांच्या नावांना लागतो, त्यामुळे पास्टेलोझा म्हणजे जवळजवळ ‘फिकटरंगज्वर’. शहराच्या रोगांना नावं देण्यात या लोकांचा हात धरणारं कोणी नाही. आणखी एक नाव पुढे लागणारच आहे.

याच काळात कुंपणं आली. वॉर्सॉत बघता बघता शेकडो बंदिस्त वसाहती झाल्या: गेट, पहारेकरी, कॅमेरा, आत हिरवळ आणि बाहेर चिखल. यामागे चोरांची भीती होती हे खरं, पण तेवढीच नव्हती. जुन्या वसाहतींचं अंगण सगळ्यांचं होतं, म्हणून कोणाचंच नव्हतं. तिथला बाक तुटला तर तो तुटलेलाच राहायचा. ज्यांनी ते बालपणी पाहिलं त्यांना कुंपण म्हणजे निदान एवढी जागा तरी आपली, असं वाटलं असेल तर त्यात नवल नाही. सेफ हाउस या भावनेचं टोक आहे. त्या घराच्या फाटकातून आत आलेल्या पाहुण्याला आधी भिंतींमधल्या एका मोकळ्या पट्ट्यात थांबावं लागतं. मालकानं ओळख पटवली की मग घर उघडतं. आपल्याकडे ओसरी होती ती कशासाठी? येणारा परका असला तरी त्याला पाणी तरी विचारता यावं, म्हणून. इथे तीच जागा आहे, फक्त अर्थ उलटा झालाय.

तरी मी या घराला नावं ठेवणार नाही. एक तर ते विलक्षण हुशारीनं केलेलं आहे. दिवसा त्याच भिंती अंगण तयार करतात, मुलं रस्त्यावर न जाता मनमुराद खेळतात. आणि दुसरं, ज्याचे पैसे त्याचं घर. पण हुशारी कशावर खर्च झाली हे बघून थोडं हळहळायला होतंच.

कोन्येच्नी यांची पद्धत या खासगी घरांतच घडली. प्लॉटची जी खोड असेल तिलाच ते घराची कल्पना करून टाकतात. ओपोलेजवळच्या एका प्लॉटला रस्ता नेमका उन्हाच्या बाजूनं होता, म्हणजे मोटारीची वाट बागेतूनच जाणार. त्यांनी वाटच जमिनीखाली उतरवली. मोटार खालून घराच्या मधल्या चौकात येते आणि बाग अखंड राहते. दुसऱ्या एका घरात मालकाला बसायला ऊन हवं होतं आणि सावलीही, तर गच्चीची छत्रीच रुळावर ठेवून सूर्याबरोबर फिरती केली. हे ऐकताना गंमत वाटते. बघताना कधीकधी असंही वाटतं की हा माणूस कोडी सोडवण्यात रमलाय आणि कोडी घालणारे सगळे श्रीमंत आहेत.

त्यांचं स्वतःचं घर मात्र थांबून बघण्यासारखं आहे. बेस्किड डोंगरात ब्रेन्ना नावाचं गाव आहे, तिथल्या कुरणाच्या उतारावर. जागा सुंदर, जमीन मात्र घसरती. बांधकाम ठरवताना दरड सरकण्याचा धोका पुढे आला. शिवाय एकटं घर, समोर पूर्ण काच, जमिनीलगत. कोणीही यावं आणि आत शिरावं. दोन्ही भीतींना त्यांनी एकच उत्तर दिलं. घराचा आराखडा उतारावर असा तिरका फिरवला की त्याचा एकच कोपरा जमिनीला टेकतो आणि बाकीचं घर पुलासारखं अधांतरी राहतं. खाली छपराचा आकार उलटा करून लावलाय, म्हणजे डोंगरावरून येणारं पाणी घराला न अडता त्याच्या पोटाखालून निघून जातं. वर साधं कौलारू आकाराचं छप्पर आणि खाली त्याचंच प्रतिबिंब. दुरून ते उतारावर अडकून राहिलेल्या होडीसारखं दिसतं, म्हणून नाव ‘आर्क’, प्रलयातली नौका. वर चढायचा जिना उचलला की तोच दार होऊन बसतो.

म्हणजे स्वतःसाठी बांधतानाही माणूस जिना वर ओढून घेतोच. पण इथे एक महत्त्वाचा फरक आहे. सेफ हाउसनं भीतीपुढे भिंत उभी केली. इथे भीतीला वाट करून दिलीय. पाणी येणारच, तर येऊ दे. जमीन सरकणारच, तर आपण तिला कमीत कमी टेकू. ही समज पुढे शहराच्या कामी आली असं मला वाटतं. त्यासाठी श्चेचिनला जावं लागतं.

श्चेचिन ओडर नदीच्या काठावर, समुद्रापासून थोडं आत आहे. 1945 पर्यंत ते जर्मनांचं श्टेटिन होतं. चर्चिलनं 1946 च्या भाषणात पोलादी पडद्याची जी रेघ सांगितली तिचं एक टोक हेच. युद्धानंतर सीमा पश्चिमेला सरकल्या, जर्मन गेले आणि पूर्वेकडे सोव्हिएत संघानं घेतलेल्या भागातून घरं सुटलेले पोलिश लोक इथे येऊन जर्मनांच्या घरात राहू लागले. त्याच पूर्व भागातले काही हजार लोक सायबेरिया आणि इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आले होते, ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. 1948 मध्ये छावणी उठली तेव्हा त्यांच्याही पुढे प्रश्न होता की परत जायचं तर जायचं कुठे, गावच आता दुसऱ्या देशात आहे. श्चेचिन अशा विस्थापितांचं शहर. इथल्या कोणाचा आजोबा इथला नाही.

या शहराच्या मध्यावर एक चौक आहे. युद्धाआधी तिथे घरांची दाट वस्ती होती आणि शेजारी जर्मन शहराच्या संगीतसभेची इमारत. बॉम्बहल्ल्यांत दोन्ही गेलं. पुढे मोकळं मैदान राहिलं आणि त्याला खरा अर्थ दिला 17 डिसेंबर 1970 च्या दिवसानं. नाताळ तोंडावर असताना सरकारनं खाण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले. ग्दान्स्क बंदरामागोमाग श्चेचिनच्या गोदीतले कामगार रस्त्यावर आले, कम्युनिस्ट पक्षाचं कार्यालय पेटलं आणि मिलिशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या पोलिसांच्या, मुख्यालयासमोर गोळीबार झाला. शहरात 16 माणसं मेली. मुख्यालयाची ती इमारत आजही चौकाला लागून उभी आहे आणि आजही तिथे पोलीसच बसतात. दहा वर्षांनी, 1980 च्या ऑगस्टमध्ये, संपकऱ्यांशी सरकारनं करार केला तोही श्चेचिनमध्ये 30 तारखेला, ग्दान्स्कच्या प्रसिद्ध कराराच्या आदल्या दिवशी. जगानं ग्दान्स्क लक्षात ठेवलं. श्चेचिनच्या लोकांना ही सल आहेच.

अशा जागेवर संग्रहालय बांधायचं ठरलं, त्यासाठी 2009 मध्ये खुली स्पर्धा झाली. आता विचार करा, हुतात्म्यांचा चौक, राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा, सरकारी पैसा. कोणत्याही देशात अशा वेळी काय उगवतं ते आपल्याला पाठ आहे: उंच खांब, मशाल, पायऱ्या, पुष्पचक्र ठेवायला ओटा. चौकात एक कांस्याचा देवदूत 2005 पासून उभा होताच. त्यात शेजारी जुन्या संगीतसभेच्या जागी फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची नवी इमारत येत होती, पांढऱ्याशुभ्र सुळक्यांची, रात्री आतून उजळणारी. 2015 मध्ये तिला युरोपातलं सर्वांत मानाचं मीस व्हॅन डेर रोह पारितोषिक मिळालं. अशा शेजाऱ्याजवळ दुसरा कोणी असता तर आणखी उंच ओरडला असता.

कोन्येच्नी यांनी संग्रहालय जमिनीखाली नेलं आणि त्याचं छप्पर म्हणजे पुन्हा तोच चौक, असं केलं. मधला भाग सपाट, तिथे सभा होऊ शकते, लोक जमू शकतात. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत फरशी हळूहळू वर चढते, एखादी चादर टोकांना धरून उचलावी तशी. म्हणजे इथे एकेकाळी वस्ती होती आणि नंतर मोकळं मैदान झालं, या दोन्ही आठवणी एकाच आकारात राहिल्या. जमीन आणि भिंत एकाच काँक्रीटच्या लाद्यांची. बंद असताना दार कुठे आहे ते कळत नाही. उघडताना भिंतीतले ठोकळेच फिरतात. आत सगळं काळं, खाली उतरत जायचं आणि युद्ध, डिसेंबर, संप, करार बघत पुढे सरकायचं. संस्थेचं नाव ‘प्शेवोमी’, म्हणजे वळणं, कलाटण्या. 2016 मध्ये ते खुलं झालं. त्याच वर्षी त्याला बर्लिनच्या जागतिक वास्तुकला महोत्सवात वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरवलं गेलं आणि सार्वजनिक जागांसाठीचं युरोपीय पारितोषिकही मिळालं. ज्या इमारतीला जवळजवळ दर्शनी बाजूच नाही तिला ‘जगातली सर्वोत्तम इमारत’ म्हणणं ही मला त्या परीक्षकांची खरी धिटाई वाटते.

मग चौकात पोरं आली. हलकेच वर चढणारा गुळगुळीत काँक्रीटचा उतार म्हणजे स्केटबोर्डवाल्यांना आयतंच घबाड. आता प्रश्न असा की जिथे माणसं मेली, ज्या फरशीखाली त्यांचं संग्रहालय आहे, तिथे पोरांनी चाकांच्या पाट्यांवरून घसरगुंडी करावी का? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या घरातला माणूस त्या गोळीबारात गेला त्याला चाकांचा खडखडाट टोचणारच, आणि त्याला ‘तुम्हाला आधुनिक वास्तुकला कळत नाही’ असं सुनावणं हा उद्धटपणा झाला.

तरी माझं मत पोरांच्या बाजूनं आहे. 1970 मध्ये त्या रस्त्यावर ज्यांनी पाऊल टाकलं त्यांनी परवानगी मागितली नव्हती. रस्ता आपला आहे एवढंच ते सांगत होते. अशा माणसांचं स्मारक ‘येथे फिरण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावून होत नाही. देवदूताच्या पुतळ्यासमोर वर्षातून एकदा अधिकारी येतात, फूल ठेवतात, जातात. कललेल्या फरशीवर रोज कोणी ना कोणी असतं. त्यातल्या दहांपैकी नऊ जणांना खाली काय आहे याची फिकीर नसेल. दहावा एखाद्या पावसाळी दुपारी नुसता आडोसा म्हणून आत शिरेल आणि दोन तासांनी बाहेर येईल. चौक पोलीस मुख्यालयासमोर आहे हे विसरू नये. त्या खिडक्यांसमोर निवांत, विनाकारण रेंगाळता येणं हीच तिथली सर्वांत मोठी राजकीय गोष्ट आहे.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, तो म्हणजे झाडांचा. मघाशी पोलिश आजारांपैकी एकाचं नाव राखून ठेवलं होतं, ते ‘बेतोनोझा’, काँक्रीटज्वर. युरोपीय संघाकडून पैसा आला तसं पोलंडमधल्या गावोगावच्या नगरपालिकांनी आपापले चौक सुशोभित करायला घेतले. सुशोभित म्हणजे जुनी डेरेदार झाडं तोडायची, दगडी फरशी घालायची आणि कुंडीत एक काडी लावायची. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही. या कसोटीला श्चेचिनचा चौक लावला तर तो पास होईल का? काँक्रीटचं छप्पर, खाली संग्रहालय, मुळांना माती नाही, सावली नाही. वास्तुकाराचे चाहते म्हणतात की ही खेळती, घडणारी जमीन आहे, नुसती फरशी नव्हे. मान्य. पण जुलैच्या दुपारी म्हातारं माणूस तिथे बसणार कुठे याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

म्हणून ओस्ट्रावाचं काम मला श्चेचिनपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, जरी पारितोषिकांच्या हिशोबात ते मागे असलं तरी. मीस व्हॅन डेर रोह पारितोषिकाच्या 2024 च्या अंतिम यादीपर्यंत ते पोचलं, पहिलं आलं नाही. तो कत्तलखाना वारसा म्हणून संरक्षित होता. मालक खासगी, आणि छप्पर कोसळायला आलेलं. शेवटी शहरानंच तो विकत घेतला आणि त्यात आपलं ‘प्लाटो’ हे कलादालन न्यायचं ठरवलं. भिंती कारखान्यांच्या धुरानं काळ्या ठिक्कर पडलेल्या. आपल्याकडे अशा वेळी पहिलं टेंडर निघालं असतं ते विटा खरवडून लालभडक करण्याचं. इथे काजळी तशीच ठेवली, कारण या शहराचा इतिहास म्हणजे ती काजळीच. जिथे विटा ढासळल्या होत्या तिथे जुनी नक्षी फिक्या काँक्रीटमध्ये ओतून बसवली. जुनं कोणतं आणि नवं कोणतं ते लांबूनही ओळखू यावं, पण हात फिरवला तर बोटांना तीच नक्षी लागावी.

आणि ज्या ठिकाणी भिंतीत मोठी भगदाडं होती तिथे त्या फिरत्या भिंती आल्या, सहा ठिकाणी. हे समजून घेण्यासारखं आहे. भगदाडं बुजवणं सोपं होतं. पण त्या भगदाडांमुळे इतकी वर्षं इमारत आणि रस्ता एकमेकांशी बोलत होते, तर ते बोलणं का तोडायचं, असा विचार झाला. भिंत मिटली की कलादालन, उघडली की मंडप. सेफ हाउसची सगळी यंत्रविद्या इथे आली, फक्त दिशा बदलून.

शिवाय मोटारी. इमारतीभोवती गाड्या लावायची जागा करायचं घाटत होतं, जशी ती सगळीकडेच घाटत असते. वास्तुकारानं शहराला ते सोडायला लावलं. त्या जागी पाणी जिरवणारी जमीन आणि बाग झाली. ज्या माणसावर काँक्रीटचा आळ घेता आला असता त्यानं इथे माती मागून घेतली. यात स्वतःच्या आधीच्या कामाला दिलेलं उत्तर आहे की नाही ते मी सांगू शकत नाही, पण वाचायला ते तसं वाचता येतं. आणि गिऱ्हाइकानं ते ऐकलं हे निम्मं श्रेय. ‘साहेब, पार्किंग नको’ असं सांगणारे वास्तुकार जगात पुष्कळ असतील, ऐकणारी महापालिका विरळा.

या सगळ्यावर एक ठरलेला प्रतिवाद असतो: स्पर्धा, कल्पना, फिरत्या भिंती ही श्रीमंत देशांची चैन आहे. सरकारी पैसा म्हणजे लोकांचा पैसा, तेव्हा सर्वांत कमी बोली ज्याची त्याला काम. ऐकायला हे फार प्रामाणिक वाटतं. पण कमी बोली म्हणजे कशाची कमी? ज्या वास्तुकारानं जागेकडे जाऊन एक दिवस घालवला त्याचा दर अर्थातच न गेलेल्यापेक्षा जास्त असणार. फक्त आकड्यावर निवड झाली तर पहिल्यांदा बाद होतो तो विचार, कारण कोटेशनमध्ये त्याची ओळ नसते. खुल्या स्पर्धेत निदान एवढं होतं की मागणाऱ्याला आपली मागणी कागदावर लिहावी लागते आणि पाचपन्नास उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. श्चेचिनच्या स्पर्धेत संग्रहालय मागितलं होतं आणि मिळाला चौक. एकाच उत्तरावर भागवलं असतं तर ही शक्यता आहे हे तरी कोणाला कळलं असतं?

स्पर्धाही नासवता येतात हे मला माहीत आहे. परीक्षक मॅनेज होतात, निकाल लागून प्रकल्प फडताळात जातात, जिंकलेला आराखडा बांधता बांधता ओळखू येईनासा होतो. खासगी मालक निदान रोज येऊन कामावर उभा राहतो, हा त्याचा मोठा गुण. शहरात तसं उभं राहणारं कोण? पोलंडमध्येही हा प्रश्न सुटलेला नाही. तिथे खुराड्यासारखे फ्लॅट आणि खिडकीला खिडकी भिडलेल्या इमारती बांधणाऱ्यांसाठी ‘पातोडेव्हेलोपेर्का’ असा शब्दच रूढ झालाय, विकृत बिल्डरगिरी म्हणा. त्याविरुद्ध नियम कडक करावे लागले. एकदोन कोन्येच्नींनी देश सुधारत नाही.

खुद्द त्यांच्या कातोवित्सेचंच बघा. तिथलं मध्यवर्ती रेल्वे स्थानक 1972 चं, उघड्या काँक्रीटचं. छत पेलायला पेल्यासारखे वर उमलत गेलेले 16 खांब, आणि त्यांच्याखाली तिकिटाच्या रांगा, भिकारी, कबुतरं, कोळशाच्या गावाचा सगळा पसारा. कळकट होतं यात शंका नाही. वास्तुकारांनी आणि शहरातल्या बऱ्याच लोकांनी ते वाचवायला आरडाओरडा केला. पण रेल्वेनं खासगी विकसकाशी भागीदारी केली होती, त्याला मॉल बांधायचा होता, आणि 2011 च्या जानेवारीत खांब पाडले गेले. इथे मागणाऱ्याला काय हवंय ते अगदी स्पष्ट होतं, आणि मागितलं तेच मिळालं.

नव्या स्थानकात काही खांब पुन्हा ओतून उभे केलेत, जुन्यांची नक्कल म्हणून. गुळगुळीत, स्वच्छ, छान उजेडातले. गाडीतून उतरलेला प्रवासी त्यांच्याखालून चालायला लागला की चार पावलांवर मॉलचं दार येतं. मॉलची वेळ संपली की ते बंद होतं.